‘बेस्ड ऑन’च्या पलीकडे: एखाद्या गोष्टीचा उगम आणि आधार इंग्रजीत कसा सांगायचा

इंग्रजीत अहवाल, प्रबंध, प्रकल्पाची माहिती किंवा नुसती लांबलचक ईमेल लिहायची म्हटली, तरी एक काम टळत नाही. अमुक गोष्ट कुठून आली, कशावर उभी आहे, कशामुळे घडली हे सांगावंच लागतं. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मसुद्यांमध्ये हे सगळं काम दोन वाक्प्रयोगांवर भागवलेलं दिसतं: ‘बेस्ड ऑन’ आणि ‘ड्यू टू’. वाक्य वरवर बरोबर वाटतं, पण वाचणाऱ्याला नेमकं नातं कळत नाही. शब्द त्यातून निघाला, की त्यावर बेतला, की त्याच्यामुळे घडला? लिहिणाऱ्याच्या डोक्यात हे स्पष्ट असतं, कागदावर येईपर्यंत पुसट होतं. हा गोंधळ थोड्या सवयीनं पूर्णपणे टाळता येतो, म्हणून माझी कामाची पद्धत इथे क्रमानं मांडतो. इंग्रजी वाक्प्रयोग मुद्दाम देवनागरीत दिले आहेत, मोठ्यानं वाचून पाहा.

## लिहायला बसताना जवळ काय असावं

- लर्नर्स डिक्शनरी. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. यात क्रियापदापुढे बहुधा ‘आय’ किंवा ‘टी’ असं अक्षर असतं. ‘आय’ म्हणजे अकर्मक, ‘टी’ म्हणजे सकर्मक. हे अक्षर बघायची सवय लागली की तिसऱ्या पायरीतल्या निम्म्या चुका होतच नाहीत.
- व्युत्पत्तिकोश. शब्दाच्या उगमाबद्दल लिहिणार असाल तरच लागेल.
- कॉर्पस. खऱ्या लिखाणाचा शोधता येणारा साठा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत. दोन प्रयोगांपैकी कोणता रूढ आहे हे ठरत नसेल, तर दोन्ही तिथे शोधा आणि कोणता किती वेळा येतो ते बघा. शंका मिटवायला याहून चांगलं साधन नाही.
- तुमचंच मराठी वाक्य. कागदावर लिहिलेलं. याचं कारण पहिल्याच पायरीत आहे.

## १. आधी मराठीत नातं पक्कं करा

मराठीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नातं फार काटेकोरपणे सांगतात. त्यांचा फायदा घ्या.

‘-तून’ किंवा ‘-पासून’ आलं, तर बहुधा उगम किंवा कच्चा माल: ‘कम्स फ्रॉम’, ‘डिराइव्ह्ड फ्रॉम’, ‘मेड फ्रॉम’, ‘अराइजेस फ्रॉम’. ‘-वर आधारित’ किंवा ‘-च्या आधारे’ आलं, तर ‘बेस्ड ऑन’, ‘ऑन द बेसिस ऑफ’. ‘-मुळे’ आलं, तर कारण: ‘बिकॉज ऑफ’, ‘ड्यू टू’, ‘रिझल्ट्स फ्रॉम’. ‘-च्या मते’ किंवा ‘-नुसार’ आलं, तर कुणाचा तरी हवाला.

खरा घोटाळा ‘-वरून’ करतो. हा एकच प्रत्यय मराठीत इतकी कामं करतो की इंग्रजीत प्रत्येक वेळी वेगळं दार उघडावं लागतं:

- तिच्या बोलण्यावरून वाटलं की ती नाराज आहे: ‘फ्रॉम व्हॉट शी सेड’ किंवा ‘जजिंग बाय व्हॉट शी सेड’.
- या आकड्यांवरून आम्ही निष्कर्ष काढला: ‘वी ड्रू अ कन्क्लूजन फ्रॉम दीज फिगर्स’.
- शास्त्रज्ञाच्या नावावरून एककाला नाव दिलं: ‘द युनिट वॉज नेम्ड आफ्टर द सायंटिस्ट’.
- कथेवरून नाटक बसवलं: ‘द प्ले इज बेस्ड ऑन अ शॉर्ट स्टोरी’.
- क्षुल्लक गोष्टीवरून भांडण झालं: ‘दे क्वॉरल्ड ओव्हर अ ट्रायफल’.

पाच वाक्यं आणि इंग्रजीत पाच तऱ्हा. म्हणून ‘-वरून’ दिसला की थांबा आणि स्वतःला विचारा: अंदाज आहे, निष्कर्ष आहे, नाव आहे, नमुना आहे की वादाचा विषय?

## २. उगम सांगताना काळाकडे बघा

सगळ्यात साधा आणि सगळ्यात उपयोगी वाक्प्रयोग ‘कम्स फ्रॉम’. लोक तो फारच साधा म्हणून टाळतात आणि त्याजागी काहीतरी भारदस्त शोधायला जातात. माझा सल्ला उलटा आहे: तो बसत असेल तर तोच वापरा.

इथे मराठी माणसाला अडचण येते ती काळाची. आपण म्हणतो, ‘ॲल्जिब्रा हा शब्द अरबीतल्या अल-जब्रवरून आला.’ ‘आला’ म्हणजे भूतकाळ, म्हणून हात आपोआप ‘केम फ्रॉम’ लिहितो. इंग्रजीत मात्र हे नातं आजही टिकून असल्यासारखं साध्या वर्तमानकाळात सांगतात: ‘द वर्ड ॲल्जिब्रा कम्स फ्रॉम द ॲरेबिक अल-जब्र.’ शब्द हजार वर्षांपूर्वी आला असला तरी ‘कम्स’च. प्रवासातली एखादी घटना सांगायची असेल तेव्हा मात्र भूतकाळ हवा: ‘इट केम इंटू युरोपियन लँग्वेजेस थ्रू लॅटिन.’ नातं सांगताय तर वर्तमानकाळ, घटना सांगताय तर भूतकाळ. एवढा एक फरक पाळला तरी लिखाण लगेच सफाईदार वाटतं.

‘डिराइव्ह’ हे क्रियापद दोन्हीकडून चालतं. ‘डिराइव्ह्ज फ्रॉम’ बरोबर आणि ‘इज डिराइव्ह्ड फ्रॉम’ही बरोबर. ‘अल्गोरिदम’ हा शब्द नवव्या शतकातले गणिती अल-ख्वारिझ्मी यांच्या नावाच्या लॅटिन रूपातून आला, तेव्हा ‘द वर्ड अल्गोरिदम डिराइव्ह्ज फ्रॉम द नेम ऑफ अल-ख्वारिझ्मी’ म्हणता येतं. गणितात आणि विज्ञानात याला आणखी एक अर्थ आहे: पायरीपायरीनं सिद्ध करत काढणं. ‘वी डिराइव्ह्ड द फॉर्म्युला फ्रॉम टू असम्प्शन्स’ म्हणजे दोन गृहीतकांपासून सुरुवात करून सूत्र काढलं. मधल्या पायऱ्या नसतील, नुसतं पुस्तकातून उचललं असेल, तर इथे ‘टुक’ किंवा ‘बॉरोड’ म्हणावं. ‘डिराइव्ह्ड’ म्हटलं तर तो न केलेल्या कामाचा दावा होतो.

‘ओरिजिनेट’ला तीन शेजारी आहेत. ठिकाण किंवा काळ सांगायचा तर ‘इन’: ‘जॅझ ओरिजिनेटेड इन न्यू ऑर्लिन्स.’ स्रोत सांगायचा तर ‘फ्रॉम’. आणि कल्पना कुणा माणसाची हे सांगायचं तर ‘विथ’: वर्ल्ड वाइड वेबची कल्पना १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी मांडली, म्हणून ‘द आयडिया ओरिजिनेटेड विथ टिम बर्नर्स-ली’. हा ‘विथ’ फार कमी लोक वापरतात. मला तो आवडतो, कारण श्रेय नेमक्या जागी पोचतं.

वय सांगायला ‘डेट्स फ्रॉम’ किंवा ‘डेट्स बॅक टू’. रोझेटा शिला, म्हणजे इजिप्तमधला प्राचीन कोरीव दगड, इ.स.पू. १९६ मधली आहे, तर ‘द रोझेटा स्टोन डेट्स फ्रॉम १९६ बीसी’. इथेही वर्तमानकाळ. ‘डेट्स बॅक सिन्स’ असं काही नसतं. ‘-पासून’ला ‘सिन्स’ हे समीकरण शाळेत पक्कं झालेलं असतं, ते इथे नडतं.

बोलण्यातलं एक सांगतो, कारण यावरून गैरसमज होतात. ‘व्हेअर डू यू कम फ्रॉम?’ म्हणजे तुम्ही मूळचे कुठले. ‘आय सी व्हेअर यू आर कमिंग फ्रॉम’ म्हणजे तुम्ही असं का म्हणताय हे मला समजतंय. दुसऱ्या वाक्याला गावाचं नाव सांगून उत्तर देऊ नये.

## ३. ‘इज’ कुठे लावायचा नाही हे पाठ करा

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. तपासणीत सर्वांत जास्त लाल खुणा इथेच पडतात.

मराठीत आपण म्हणतो, ‘ही अडचण गैरसमजातून उद्भवली आहे’, ‘ही चूक घाईतून झाली आहे’. शेवटचा ‘आहे’ इंग्रजीत ‘इज’ होऊन बसतो आणि तयार होतं: ‘द प्रॉब्लेम इज स्टेम्ड फ्रॉम अ मिसअंडरस्टँडिंग’, ‘द एरर वॉज रिझल्टेड फ्रॉम हेस्ट’. दोन्ही चूक. ही क्रियापदं अकर्मक आहेत, त्यांचा कर्मणी प्रयोग होत नाही. अडचण स्वतःच उगवते, तिला कुणी उगवत नाही.

‘इज’ किंवा ‘वॉज’ न लावता सरळ वापरायची क्रियापदं अशी: स्टेम फ्रॉम, अराइज फ्रॉम, रिझल्ट फ्रॉम, ओरिजिनेट इन, इमर्ज फ्रॉम, डेट बॅक टू, कन्सिस्ट ऑफ. बरोबर वाक्यं: ‘द प्रॉब्लेम स्टेम्स फ्रॉम अ मिसअंडरस्टँडिंग’, ‘द एरर रिझल्टेड फ्रॉम हेस्ट’, ‘द कमिटी कन्सिस्ट्स ऑफ फाइव्ह मेंबर्स’.

याच्या नेमकं उलट दुसरं टोळकं आहे. त्यांना ‘इज’ लागतोच: इज बेस्ड ऑन, इज रूटेड इन, इज ग्राउंडेड इन, इज फाउंडेड ऑन, इज मेड ऑफ, इज नेम्ड आफ्टर. ‘द थिअरी बेसेस ऑन’ असं लिहिता येत नाही. ‘बेस’ करणारा कुणीतरी माणूस असतो: ‘दे बेस्ड देअर एस्टिमेट ऑन लास्ट इयर्स डेटा.’ तो माणूस वाक्यातून काढला की ‘द एस्टिमेट इज बेस्ड ऑन’ उरतं.

‘डिराइव्ह’ तेवढं दोन्हीकडे बसतं, हे मागे सांगितलंच. शंका आली की शब्दकोशातलं ते ‘आय’ किंवा ‘टी’ बघा.

‘स्टेम’बद्दल अजून थोडं. हे क्रियापद बहुतेक करून अडचणी, भीती, मतभेद, सवयी, गैरसमज यांच्यासाठी येतं. वस्तूसाठी येत नाही. कागद लाकडापासून होतो म्हणून ‘पेपर स्टेम्स फ्रॉम वुड’ कुणी म्हणत नाही.

## ४. आधार सांगताना: कोण कशावर उभं आहे?

‘बेस्ड ऑन’ हा चांगला वाक्प्रयोग आहे. अंदाज, निर्णय, सिद्धांत, आराखडा, मत, कथानक अशा मनानं रचलेल्या गोष्टींना तो चपखल बसतो. त्रास होतो तो वाक्याच्या सुरुवातीला तो सुटा टाकल्यामुळे. उदाहरणार्थ:

‘बेस्ड ऑन द सर्व्हे, वी चेंज्ड द डिझाइन.’

इथे एक प्रश्न विचारा: ‘बेस्ड’ कोण आहे? व्याकरण सांगतं, ‘वी’. म्हणजे आम्हीच पाहणीवर बेतलेले! म्हणायचं होतं की निर्णय पाहणीवर बेतलेला आहे, पण ‘निर्णय’ हा शब्द वाक्यात कुठेच नाही. अशी रचना आता इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या लिखाणातही सर्रास दिसते आणि बरेच वाचक ती चालवून घेतात. तरीही प्रबंध, शोधनिबंध किंवा औपचारिक अहवाल असेल तर ती बदलाच. ज्यांच्या हातात तुमचं लिखाण स्वीकारायचं की नाही हे असतं, त्यांच्यापैकी कुणाला तरी ती खटकणार. दुरुस्त्या दोन:

‘ऑन द बेसिस ऑफ द सर्व्हे, वी चेंज्ड द डिझाइन.’ ही रचना क्रियेला जोडली जाते, त्यामुळे कर्ता कोणीही असला तरी चालतं.

‘अवर डिसिजन टू चेंज द डिझाइन वॉज बेस्ड ऑन द सर्व्हे.’ इथे ‘डिसिजन’ वाक्यात आला आणि ‘बेस्ड’ला हक्काची जागा मिळाली.

आता ‘बेस्ड’नंतर काय येतं ते बघा. ‘ऑन’ नेहमी चालतं. ‘अपॉन’ जरा औपचारिक, अर्थ तोच. ‘ऑफ’ बोलीभाषेत कानावर पडतं, विशेषतः तरुण अमेरिकी वक्त्यांकडून. लिखाणात घेऊ नका. ‘फ्रॉम’ अजिबात नको. आणि ‘इन’ म्हणजे पूर्ण वेगळी गोष्ट: ‘द कंपनी इज बेस्ड इन जिनिव्हा’ म्हणजे कंपनीचं मुख्य कार्यालय जिनिव्हात आहे. ‘द रिपोर्ट इज बेस्ड इन फॅक्ट्स’ असं दिसलं की लिहिणाऱ्याच्या मनात ‘ग्राउंडेड इन’ होतं हे ओळखावं.

‘ऑन द बेसिस’च्या पुढे नाम असेल तर ‘ऑफ’, पूर्ण उपवाक्य असेल तर ‘दॅट’: ‘ऑन द बेसिस दॅट द डेटा वॉज इन्कम्प्लीट.’ ‘ऑन अ डेली बेसिस’चा आधाराशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ फक्त ‘रोज’. म्हणून ‘डेली’ किंवा ‘एव्हरी डे’ लिहा आणि दोन-तीन शब्द वाचवा.

मग ‘रूटेड इन’, ‘ग्राउंडेड इन’ आणि ‘फाउंडेड ऑन’ कधी? जुनी, खोल, बहुतेकदा भावनेची किंवा इतिहासाची गोष्ट असेल तर ‘रूटेड इन’: ‘अ फिअर रूटेड इन चाइल्डहूड.’ पुरावा किंवा वास्तव असेल तर ‘ग्राउंडेड इन’: ‘ॲन आर्ग्युमेंट ग्राउंडेड इन एव्हिडन्स.’ तत्त्व असेल, संस्था किंवा व्यवस्था असेल, तर ‘फाउंडेड ऑन’: ‘अ सिस्टिम फाउंडेड ऑन ट्रस्ट.’ मूळ आत जातं म्हणून ‘इन’, पाया खाली असतो म्हणून ‘ऑन’. असं चित्र डोळ्यांपुढे आणलं की प्रिपोझिशन चुकत नाही.

## ५. नातं किती जवळचं आहे तेही सांगा

‘त्यावरून घेतलं’ हे मराठीत म्हटलं की भागतं. इंग्रजीत मात्र किती घेतलं हे शब्द निवडतानाच सांगावं लागतं. संगणकाच्या जगातलं उदाहरण याला सगळ्यात चांगलं, कारण तिथे कुणी कुणाकडून काय घेतलं याची नोंद असते.

लिनस टॉर्वाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीचं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, जाहीर केलं. त्याचं वागणं युनिक्स या आधीच्या प्रणालीसारखं होतं, पण युनिक्सचा कोड न घेता ते नव्यानं लिहिलेलं होतं. अशा वेळी ‘लिनक्स इज डिराइव्ह्ड फ्रॉम युनिक्स’ म्हटलं तर वाचणारा समजेल की कोड तिथून आला. बरोबर शब्द ‘मॉडेल्ड ऑन’: नमुना समोर ठेवला, वस्तू स्वतः घडवली. अँड्रॉइडची गोष्ट वेगळी. त्यात लिनक्सचं कर्नल प्रत्यक्ष आहे, म्हणून ‘अँड्रॉइड इज बेस्ड ऑन द लिनक्स कर्नल’. उबुंटू ही लिनक्सवरची प्रणाली डेबियन या तशाच दुसऱ्या प्रणालीची पॅकेजेस, म्हणजे तयार प्रोग्रामचे संच, घेऊन उभी राहिली, तिथे ‘डिराइव्ह्ड फ्रॉम डेबियन’ किंवा ‘बेस्ड ऑन डेबियन’ दोन्ही चालतं.

जवळून लांब जात गेलं तर क्रम साधारण असा लागतो: ‘टेकन फ्रॉम’ म्हणजे जसंच्या तसं उचललं. ‘अडॅप्टेड फ्रॉम’ म्हणजे उचललं आणि गरजेप्रमाणे बदललं. ‘डिराइव्ह्ड फ्रॉम’ म्हणजे त्यातून निघालं. ‘बेस्ड ऑन’ म्हणजे त्याचा आधार घेतला. ‘मॉडेल्ड ऑन’ म्हणजे नमुना तो. ‘इन्स्पायर्ड बाय’ म्हणजे कल्पना तिथून सुचली, बाकी स्वतःचं. ‘इन्फ्लुएन्स्ड बाय’ म्हणजे नुसता प्रभाव, कदाचित नकळतही.

दुसऱ्याच्या लेखातला तक्ता थोडा बदलून वापरला असेल, तर खाली ‘अडॅप्टेड फ्रॉम’ लिहायचं, ‘इन्स्पायर्ड बाय’ नाही. इथे हलका शब्द निवडणं म्हणजे दुसऱ्याचं श्रेय कमी करणं. ही गोष्ट भाषेपुरती राहत नाही, म्हणून मी यावर अडून बसतो.

## ६. मेड ऑफ, मेड फ्रॉम आणि नावं

वस्तू बघून तिचा माल ओळखू येत असेल तर ‘मेड ऑफ’, माल बदलून गेला असेल तर ‘मेड फ्रॉम’. ‘द टेबल इज मेड ऑफ वुड’, पण ‘पेपर इज मेड फ्रॉम वुड’. काच वाळूपासून होते, काचेत वाळू दिसत नाही, म्हणून ‘फ्रॉम’.

नावासाठी ‘नेम्ड आफ्टर’. व्होल्ट हे एकक अलेस्सांद्रो व्होल्टा यांच्या नावावरून आहे: ‘द व्होल्ट इज नेम्ड आफ्टर अलेस्सांद्रो व्होल्टा.’ ‘नेम्ड बाय’ लिहिलं तर अर्थ होतो व्होल्टांनी नाव ठेवलं. अमेरिकी लिखाणात ‘नेम्ड फॉर’ही दिसेल, अर्थ ‘आफ्टर’चाच.

## ७. कारण सांगताना बाणाची दिशा सांभाळा

‘रिझल्ट फ्रॉम’ आणि ‘रिझल्ट इन’ यांत एका छोट्या शब्दानं सगळं उलटं होतं. ‘द डिले रिझल्टेड फ्रॉम अ पॉवर फेल्युअर’ म्हणजे वीज गेल्यामुळे उशीर झाला. ‘द डिले रिझल्टेड इन अ पॉवर फेल्युअर’ म्हणजे उशीर झाल्यामुळे वीज गेली. ‘फ्रॉम’नंतर कारण, ‘इन’नंतर परिणाम. ‘लीड टू’ आणि ‘गिव्ह राइज टू’ यांच्यानंतरही परिणामच येतो.

‘ड्यू टू’ आणि ‘बिकॉज ऑफ’ यांच्याबद्दल जुना नियम असा: ‘ड्यू टू’ नामाला चिकटतं, ‘बिकॉज ऑफ’ क्रियेला. ‘द डिले वॉज ड्यू टू रेन’, पण ‘द फ्लाइट वॉज डिलेड बिकॉज ऑफ रेन’. आज दुसऱ्या वाक्यातही ‘ड्यू टू’ सर्वत्र चालतं आणि मी ते चूक धरत नाही. ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ मात्र खोडतोच; तिथे ‘बिकॉज’ एकटं पुरतं. तसंच ‘द रीझन इज बिकॉज’ नको, ‘द रीझन इज दॅट’ हवं. कारण एकदा सांगितलं की पुरे.

निर्णयाचं किंवा हरकतीचं जाहीर केलेलं कारण असेल तर ‘ऑन द ग्राउंड्स’. नामाआधी ‘ऑफ’, उपवाक्याआधी ‘दॅट’: ‘द ॲप्लिकेशन वॉज रिजेक्टेड ऑन द ग्राउंड्स दॅट इट वॉज लेट.’

## ८. हवाला देताना: ‘अकॉर्डिंग टू मी’ कधीच नाही

‘माझ्या मते’चं सरळ रूपांतर म्हणून ‘अकॉर्डिंग टू मी’ येतं, बोलण्यात आणि लिखाणात, शिकलेल्या माणसांच्याही. ‘अकॉर्डिंग टू’ दुसऱ्याचा हवाला देण्यासाठी आहे: अहवाल, तज्ज्ञ, साक्षीदार, वेळापत्रक. स्वतःचं मत सांगायचं तर ‘इन माय ओपिनियन’, ‘इन माय व्ह्यू’ किंवा सरळ ‘आय थिंक’. आणि ‘अकॉर्डिंग टू हर ओपिनियन’ही नाही, कारण ‘अकॉर्डिंग टू हर’मध्येच मत आलं.

एक बारकावा: ‘अकॉर्डिंग टू’ म्हटलं की लिहिणारा स्वतः जबाबदारी घेत नाही, असा ध्वनी निघू शकतो. तुम्हाला ती माहिती पूर्णपणे पटलेली असेल तर ‘द रिपोर्ट शोज दॅट’ म्हणा.

## ९. खात्री नसेल तर तसं इंग्रजीत सांगा

उगमाच्या गोष्टी सांगताना सगळ्यात मोठा मोह असतो तो ठाम बोलण्याचा. ‘पॉश’ हा शब्द जहाजाच्या तिकिटावरच्या ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांच्या आद्याक्षरांतून आला, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे, पण तिला पुरावा नाही. ‘डॉग’सारख्या रोजच्या शब्दाचंही मूळ अभ्यासकांना सापडलेलं नाही. शब्दकोश अशा ठिकाणी प्रामाणिकपणे लिहितात: ‘ऑफ अननोन ओरिजिन’. आपणही तसंच लिहावं, त्यात कमीपणा नाही.

खात्रीच्या पायऱ्या अशा. पुरावा कडीला कडी जोडून मागे जात असेल तर ‘कॅन बी ट्रेस्ड बॅक टू’. ‘ओके’चं मूळ असं सापडलं: १८३९ मध्ये बोस्टनच्या एका वृत्तपत्रात ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम चुकीचं, विनोदी स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापली होती. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकानं १९६० च्या दशकात जुनी वृत्तपत्रं चाळून हा माग काढला. इथे ‘ट्रेस्ड बॅक टू’ म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

परंपरेनं कुणाच्या तरी नावावर असेल तर ‘इज ॲट्रिब्यूटेड टू’. अभ्यासकांचा कल असेल तर ‘इज थॉट टू कम फ्रॉम’ किंवा ‘प्रॉबेब्ली डिराइव्ह्ज फ्रॉम’. नुसती शक्यता असेल तर ‘मे कम फ्रॉम’. यातही ‘इज थॉट टू कम’ वर्तमानकाळात आहे हे बघा. घटना असेल तर ‘इज थॉट टू हॅव ओरिजिनेटेड’.

ॲस्पिरिनबद्दल ‘ॲस्पिरिन इज मेड फ्रॉम विलो बार्क’ असं लोक लिहितात. आजचं ॲस्पिरिन कारखान्यात रसायनांपासून तयार होतं. विलो या झाडाच्या सालीतला घटक हा त्याच्या इतिहासाचा भाग आहे. म्हणून ‘इट्स हिस्टरी कॅन बी ट्रेस्ड बॅक टू विलो बार्क’ बरोबर, ‘मेड फ्रॉम’ चूक. शब्द बदलला तर इथे वस्तुस्थितीच बदलते.

## १०. सगळं एका परिच्छेदात

आता एक छोटा परिच्छेद घेऊ. विषय: मीटर हे एकक. मराठीत टिपण असं आहे: शब्द ग्रीक ‘मेट्रॉन’वरून, अर्थ माप. एकक १७९० च्या दशकातलं. तेव्हाची व्याख्या उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराच्या एक कोटीव्या भागाची. पृथ्वीच्या चपटेपणाचा हिशेब चुकल्यामुळे प्रमाण पट्टी सुमारे ०.२ मिलिमीटर आखूड झाली. १९८३ पासूनची व्याख्या प्रकाशाच्या वेगावर.

इंग्रजीत:

‘द वर्ड मीटर कम्स फ्रॉम द ग्रीक मेट्रॉन, मीनिंग मेजर. द युनिट डेट्स बॅक टू द सेव्हन्टीन-नाइन्टीज, व्हेन इट वॉज डिफाइन्ड ॲज वन टेन-मिलियन्थ ऑफ द डिस्टन्स फ्रॉम द नॉर्थ पोल टू द इक्वेटर. द ओरिजिनल स्टँडर्ड बार वॉज अबाउट झीरो पॉइंट टू मिलिमीटर्स टू शॉर्ट, ॲन एरर दॅट स्टेम्ड फ्रॉम अ मिसकॅल्क्युलेशन ऑफ द अर्थ्स फ्लॅटनिंग. द प्रेझेंट डेफिनिशन, अडॉप्टेड इन नाइन्टीन एटी-थ्री, इज बेस्ड ऑन द स्पीड ऑफ लाइट.’

बघा: ‘कम्स’ आणि ‘डेट्स’ वर्तमानकाळात, कारण ती नाती आजही खरी आहेत. ‘स्टेम्ड’ भूतकाळात आणि ‘वॉज’शिवाय, कारण ती घडून गेलेली चूक आहे आणि क्रियापद अकर्मक आहे. ‘बेस्ड ऑन’ फक्त एकदा आलं, आणि ते ‘डेफिनिशन’ला लागलं, कुणा माणसाला किंवा ‘मीटर’ या शब्दाला नाही. टिपणात ‘१९८३ पासूनची’ होतं, तरी ‘सिन्स’ टाळून ‘अडॉप्टेड इन’ घेतलं, म्हणजे घटना आणि साल एकत्र राहिलं.

## ११. आता स्वतःचा जुना मसुदा उघडा

फाइलमध्ये ‘बेस्ड ऑन’ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी ‘बेस्ड कोण आहे?’ हा प्रश्न विचारा. उत्तर वाक्यात सापडलं नाही तर ‘ऑन द बेसिस ऑफ’ घाला किंवा हरवलेलं नाम परत आणा. मग ‘ड्यू टू’ शोधा. त्यातल्या किती ठिकाणी ‘रिझल्ट्स फ्रॉम’ किंवा ‘स्टेम्स फ्रॉम’ जास्त स्पष्ट होईल ते ठरवा. त्यानंतर ‘इज ओरिजिनेटेड’, ‘इज स्टेम्ड’, ‘वॉज रिझल्टेड’, ‘इज कन्सिस्टेड’ आणि ‘अकॉर्डिंग टू मी’ हे पाच प्रयोग एकेक करून शोधा. सापडले की तिथल्या तिथे सुधारा, नंतरसाठी ठेवू नका. शेवटी ‘केम फ्रॉम’ शोधा आणि जिथे नातं सांगितलंय तिथे ‘कम्स’ करा.